जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार: चालवायला कोणती, जपायला कोणती

घराचं कर्ज फिटत आलं, मुलं युनिव्हर्सिटीत गेली, गॅरेजमधल्या मोडक्या सायकली एकदाच्या भंगारात गेल्या, की इथे ब्रिटनमधल्या आपल्या मंडळींपैकी कुणाचा तरी फोन येतोच. "दादा, एमजी घेऊ की ट्रायम्फ?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न: "पण नंतर भाव चढेल ना?"

दोन्ही प्रश्न एका दमात विचारले जातात आणि घोळ तिथेच होतो. गाडी चालवायला मजा कशामुळे येते आणि संग्राहक पैसे कशासाठी मोजतो, ही दोन वेगळी खाती आहेत. बऱ्याचदा एकात जमा झालं की दुसऱ्यात वजा होतं. म्हणून मी सगळ्यांना एक कागद घ्यायला लावतो, मधोमध रेघ मारायची, डावीकडे चालवण्याचे गुण, उजवीकडे संग्राहकाचे. आणि खाली बेरीज करायची नाही. बेरीज केली की माणूस मधलीच कुठलीतरी गाडी घेतो, जी धड चालवायलाही मजेची नसते आणि धड विकायलाही.

माझं म्हणाल तर मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथच्या आवाजात वाढलेला. आता वॉरविकशरमध्ये राहतो. इथून कॉव्हेंट्री जवळ, म्हणजे ट्रायम्फ आणि जॅग्वार जिथे बनल्या ते गाव, आणि एमजीचं अ‍ॅबिंग्डनही फार लांब नाही. माझ्याकडे 1971 ची एमजीबी रोडस्टर (उघड्या छपराची) आहे, त्यामुळे तिच्याबद्दल मी जरा जास्त बोलेन, हे आधीच सांगून ठेवतो.

दोन खाती वेगळी का, हे समजायला ई-टाइप पाहावी. जॅग्वारने ती 1961 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आणली. सुरुवातीच्या गाड्यांत 3.8 लिटरचं इंजिन आणि मॉस गिअरबॉक्स. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न कुरकुरता बसवणारी सोय) नाही, दुसराही घाई केली की कुरकुरतो, ब्रेक गाडीच्या वेगाच्या मानाने लेचेपेचे, सीटवर तासभर बसलं की कंबर बोलायला लागते. 1964 च्या अखेरीस 4.2 लिटर आलं. त्यात सगळ्या गिअरना सिंक्रो, सीट बऱ्या, ब्रेक बरे, खालच्या आरपीएमला ओढ जास्त. चालवणाऱ्याने डोळे झाकून 4.2 घ्यावी. पण बाजारात सगळ्यात चढा भाव कुणाला? अगदी पहिल्या गाड्यांना: बॉनेटची कुलपं बाहेरून असलेल्या, पायाखालचा पत्रा सपाट असलेल्या. त्या सपाट पत्र्यामुळे उंच माणसाला पाय ठेवायला जागा मिळेना, म्हणून जॅग्वारने 1962 मध्ये तिथे खोलगट भाग केला. म्हणजे कंपनीने जी गैरसोय दूर केली, त्याच गैरसोयीचे आज जास्तीचे पैसे मोजावे लागतात. उलट 2+2 ई-टाइप, जिच्यात मागे पोरं बसतात, ती त्याच काळातली असूनही बरीच स्वस्त, कारण छप्पर उंच आणि रेषा बिघडलेली. (ई-टाइपवर मी इथेच थांबतो. ती घ्यायची ऐपत असलेला माणूस मला फोन करत नाही.)

संग्राहक काय बघतो? पहिली किंवा दुर्मीळ आवृत्ती, मूळ इंजिन, मूळ रंग, आणि कागद. गाडी बनली तेव्हा तिच्यात कोणत्या क्रमांकाचं इंजिन होतं, रंग कोणता, ती कोणत्या देशासाठी बनली, हे सांगणारं हेरिटेज सर्टिफिकेट एमजी आणि ट्रायम्फसाठी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळतं. जॅग्वारचं वेगळं, जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून. विकणाऱ्याकडे ते नसेल तर "काढून देतो" या शब्दावर जाऊ नका, हातात घेऊन वाचा आणि इंजिनवरच्या क्रमांकाशी ताडून बघा.

आणि फक्त संख्या कमी म्हणजे भाव जास्त, असं समजू नका. एमजीबी बंद करताना 1980 च्या सुमारास कंपनीने 1,000 लिमिटेड एडिशन काढल्या. कित्येकांनी त्या गुंतवणूक म्हणून ताडपत्रीखाली ठेवल्या. आज त्या स्वच्छ आहेत, कमी धावलेल्या आहेत, आणि तरीही 1960 च्या दशकातली क्रोम बंपरवाली चांगली गाडी त्यांच्या पुढे जाते, कारण लोकांना हवा असतो तो क्रोमचा चेहरा. उलट एमजीबी जीटी (बंद छपराची) व्ही8 बघा, रोव्हरचं साडेतीन लिटरचं इंजिन बसवलेली. 1973 ते 76 दरम्यान फक्त 2,591 बनल्या. ती दुर्मीळही आहे आणि तिला ओढही आहे, म्हणून तिचा भाव टिकून आहे.

आता एमजीबी. 1962 ते 1980, पाच लाखांहून जास्त गाड्या. एवढ्या संख्येमुळे ती कधी मोठी गुंतवणूक होणार नाही, पण त्याच कारणाने तिचा प्रत्येक नट आजही मिळतो. मूळ साच्यांवर नवी अख्खी बॉडीसुद्धा 1988 पासून मिळते. इंजिन 1798 सीसी, बी-सीरिज. आपल्या अ‍ॅम्बॅसडरचं 1489 सीसी पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. ज्या मिस्त्रीने अ‍ॅम्बॅसडरचे टॅपेट सेट केले असतील त्याला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर परकं वाटणार नाही. दोन एसयू कार्बोरेटर, सुमारे 95 हॉर्सपॉवर. कागदावर काहीच नाही. पण स्टिअरिंग नेमकं, गिअरचा दांडा आखूड आणि खटक्यात बसणारा, आणि तुम्ही जमिनीच्या इतके जवळ बसता की पन्नास मैलांचा वेग सत्तरसारखा भासतो. लायसन्स न घालवता मजा येते, हा या गाडीचा खरा गुण.

कोणत्या वर्षाची घ्यावी? चालवण्यासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: 1967 च्या अखेरीपासून 1974 पर्यंतची, क्रोम बंपर, ओव्हरड्राइव्हसह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या जोड-गिअरसह. 1964 च्या अखेरीपर्यंतच्या इंजिनांना क्रँकचे तीनच बेअरिंग होते, नंतर पाच झाले. 1967 च्या अखेरीस मार्क 2 आली तेव्हा पहिल्या गिअरलाही सिंक्रो आला. 1974 च्या शेवटी अमेरिकेच्या नियमांसाठी काळे रबरी बंपर लागले आणि गाडी जवळजवळ दीड इंच उचलली गेली. त्या गाड्या वळणावर कलतात. स्वस्त मिळतात, आणि खाली उतरवण्याचे किट बसवून बऱ्यापैकी सुधारतातही, पण विकताना पुन्हा तोच स्वस्त भाव येणार.

ओव्हरड्राइव्हवर मी अडून बसतो, आणि त्याचं कारण आकड्यात आहे. साध्या चौथ्या गिअरमध्ये ताशी सत्तर मैलांना इंजिन चार हजार आरपीएमच्या जवळ फिरतं. ओव्हरड्राइव्ह टाकला की तीन हजारांच्या थोडं वर येतं. एम40 मोटरवेवर तासभर चालवून बघा, कान आपोआप फरक सांगतील. चाचणीच्या वेळी तो नुसता चालू होतो एवढं बघू नका. इंजिन पूर्ण तापल्यावर चौथ्या गिअरमध्ये चालू-बंद करा. थंड असताना झटकन लागतो आणि ऑइल पातळ झाल्यावर रेंगाळतो, अशा गाड्या बऱ्याच भेटतात.

मात्र एमजीबी घेताना निम्म्याहून जास्त वेळ इंजिनावर नाही, सिलवर घालवा. सिल म्हणजे दाराखालची पत्र्याची पेटी. या गाडीला वेगळी चासी नाही, रोडस्टरला छपराचाही आधार नाही, त्यामुळे सगळा भार त्या पेटीवर. ती तीन थरांची असते आणि गंज मधल्या थरात, डोळ्याआड लागतो. बनेल माणूस वरून नवा पत्रा ठोकून रंग मारतो. त्याला पकडायचा मार्ग असा. आधी दार बंद ठेवून दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बघा. वर चिमटलेली आणि खाली फाकलेली असेल तर गाडी मधून वाकली आहे. मग मालकाची परवानगी घेऊन त्या बाजूच्या मूळ जॅकच्या जागी जॅक लावा आणि चाक जमिनीपासून सुटेपर्यंत उचला. आता दार उघडा आणि लावा. अडकलं, घासलं, किंवा जॅक लावतानाच कुरकुर ऐकू आली, तर गाडी सोडून द्या. मालक जॅक लावू देत नसेल तर तेही उत्तरच आहे. फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक चाकाच्या कमानींवर आणि सिलच्या टोकांना फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

इंजिन बांधून घ्यायला जेवढे पैसे लागतात त्याच्या कितीतरी पट पैसे दोन्ही बाजूंची सिल, कमानी आणि नंतरचा रंग खातो. म्हणून धूर सोडणारी पण सुक्या पत्र्याची गाडी मी घेईन, आणि गुळगुळीत इंजिनाची सडकी गाडी घेणार नाही. अमेरिकेच्या कोरड्या भागातून परत आणलेल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या या बाबतीत चांगल्या निघतात, पण उजव्या, म्हणजे संग्राहकाच्या, खात्यात त्यांचे गुण कापा.

तारांची चाकं असतील तर पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना मागून 'टक्' आवाज येतो का ते ऐका. हबचे दाते झिजलेले असतात. आणि स्टिअरिंग जड लागलं तर किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) कित्येक वर्षं ग्रीस मिळालेलं नाही असं समजा.

ट्रायम्फ टीआर6 ची गोष्ट वेगळी. ही तब्येतीने दणकट गाडी, चासी वेगळी, समोर अडीच लिटरचं सहा सिलिंडरचं लांबलचक इंजिन. आवाजासाठी लोक हिच्यावर जीव टाकतात आणि त्यांचं चुकत नाही. 1969 ते 76 दरम्यान नव्वद हजारांहून जास्त बनल्या, पण बहुतेक सगळ्या परदेशी गेल्या. ब्रिटनमध्ये नव्या विकल्या गेलेल्या दहा हजारसुद्धा नाहीत. आणि फरक नुसत्या स्टिअरिंगच्या बाजूचा नाही. ब्रिटिश गाडीला लुकासचं पेट्रोल इंजेक्शन होतं, अमेरिकनला दोन कार्बोरेटर आणि पॉवर जेमतेम शंभराच्या पुढे.

म्हणून टीआर6 बघायला गेलात की आधी कमिशन क्रमांकाची (गाडीच्या कारखान्यातल्या क्रमांकाची) पहिली दोन अक्षरं वाचा. सीपी असेल तर 150 हॉर्सपॉवरची मूळ इंजेक्शनवाली. सीआर असेल तर 1973 पासूनची, 125 ची. सीसी किंवा सीएफ असेल तर अमेरिकेसाठी बनलेली कार्बोरेटरवाली, मग आज तिला उजव्या बाजूला स्टिअरिंग असो की इंजेक्शन बसवलेलं असो. सगळ्यात जास्त भाव सीपीला. गंमत म्हणजे चालवताना सीआर जास्त समंजस वाटते, कारण तिचा कॅमशाफ्ट सौम्य आहे, ट्रॅफिकमध्ये हिसके देत नाही. इथेही दोन खात्यांत वेगळी उत्तरं, पण अंतर ई-टाइपइतकं नाही. शनिवार-रविवारी मोकळ्या रस्त्यावर चालवायची असेल तर सीपी दोन्हीकडे गुण मिळवते.

लुकासच्या इंजेक्शनला लोक उगाच घाबरतात. त्याचा मूळ पेट्रोल पंप उन्हाळ्यात तापून दम तोडायचा, हे खरं. आता बहुतेकांनी बॉशचा पंप बसवला आहे आणि त्याने भाव कमी होत नाही, मूळ पंप डब्यात जपून ठेवला असेल तर.

टीआर6 ची खरी मेख खाली क्रँकमध्ये आहे. क्रँकशाफ्ट पुढे-मागे सरकू नये म्हणून थ्रस्ट वॉशर असतात. ते झिजले की खाली संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) पडतात, आणि मग ब्लॉक आणि क्रँक दोन्ही कामातून जातात. तपासायला दोन माणसं हवीत. इंजिन बंद. एकाने समोर वाकून क्रँकच्या पुलीवर नजर रोखायची, दुसऱ्याने क्लच पूर्ण दाबायचा आणि सोडायचा. पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे-मागे सरकली, तर सौदा थांबवा किंवा पूर्ण इंजिनाचे पैसे भावातून वजा करा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि घेणारे ते सोडून सीटचं लेदर चाचपत बसतात.

मग गाडीखाली झोपा, मागच्या चाकांचे हात जिथे चासीला जोडलेले आहेत आणि डिफरन्शियल जिथे टांगलेलं आहे, तिथे गंज आणि चिरा बघा. रस्त्यावर वळणात मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग किंचित उडी मारल्यासारखा सरकतो का, ते बघा. ड्राइव्हशाफ्टचे दाते अडकत असले की असं होतं.

ट्रायम्फच्याच स्पिटफायरबद्दल थोडक्यात. खाली हेराल्डची चासी आहे, तीच हेराल्ड जी मद्रासला स्टँडर्डच्या नावाने बनायची. अख्खं बॉनेट पुढे उलटतं आणि पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं. वळायला इतकी कमी जागा लागते की लंडनची टॅक्सी आठवावी. स्वस्त, हलकी, शिकायला उत्तम. फक्त 1970 च्या आधीच्या गाडीत वळणात घाबरून पाय उचलू नका, मागचं चाक आत दुमडतं. मार्क 4 मध्ये मागच्या स्प्रिंगची पाटी बदलून तो दोष बराचसा काढला. उजव्या खात्यात फार अपेक्षा नको.

आणि लोटस एलान. चालवण्याच्या खात्यात हिच्यापुढे मला दुसरं नाव घालता येत नाही. फायबरची बॉडी, मधोमध पत्र्याचा कणा, 1558 सीसीचं ट्विन-कॅम इंजिन, आणि वजन सातशे किलोच्या आसपास. बोटांनी धरून चालवायची गाडी. रस्त्यावरचा डांबराचा जोडसुद्धा स्टिअरिंगमधून हाताला कळतो, पण हिसका बसत नाही. माझ्दाच्या मंडळींनी एमएक्स-5 बनवताना हिचाच अभ्यास केला होता, आणि दोन्ही चालवल्या तर ते लगेच समजतं. संग्राहकही हिला मानतात, विशेषतः 1971 ते 73 च्या 126 हॉर्सपॉवरच्या स्प्रिंटला.

पण हिचा संसार कठीण. ड्राइव्हशाफ्टमध्ये रबराचे जाड जोड आहेत, त्यांमुळे गाडी निघताना कांगारूसारखी उसळते. ते रबर तडकलं की बदलायलाच हवं. वॉटर पंप गळला तर इंजिनाचं पुढचं कव्हर काढावं लागतं, आणि त्यासाठी हेड आणि संप सोडवण्यापर्यंत जावं लागतं. कणा गंजतो, पण कंपनीचा गॅल्व्हनाइज केलेला नवा कणा बसवलेला असेल तर ती जमेची बाजू धरा, उणे नाही. मी स्वतः एलान घेणार नाही. माझ्या पाठीला आणि बायकोच्या संयमाला ती झेपणार नाही. पण तुम्ही एकदा तरी चालवून या, म्हणजे बाकीच्या गाड्यांना गुण देताना हात सैल सुटत नाही.

चाचणीचा रस्ता ठरवून ठेवा आणि सगळ्या गाड्या शक्य तितक्या त्याच प्रकारच्या रस्त्यावर चालवा. माझा रस्ता असा: फॉस वेवर सरळ, मग एजहिलच्या बाजूला सनरायझिंग हिलचा चढ आणि त्यातलं अरुंद वळण, परत येताना मोटरवेचा एक टप्पा. सरळ रस्त्यावर हात सैल सोडून गाडी कुठे ओढते ते कळतं, चढाला तापमान आणि ऑइल प्रेशर, उताराला तिसऱ्या गिअरमधून पाय उचलून धरा आणि नंतर दाबा: आरशात निळा धूर दिसला तर व्हॉल्व्ह गाइड गेले. आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड ठेवा. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर सकाळी काहीतरी लपवलं आहे.

बदल केलेल्या गाड्यांबाबत माझा नियम साधा: जे पान्याने परत निघतं ते चालतं, जे कापून केलं ते नाही. डिस्ट्रिब्युटरच्या आत लपलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी बसवलेल्या कडक व्हॉल्व्ह सीट, अल्टरनेटर, हे सगळं डाव्या खात्यात जमा आणि उजव्यात फारसं वजा नाही. गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा बोगदा कापून बसवलेला पाच गिअरचा बॉक्स चालवायला झकास असतो, पण विकताना गिऱ्हाईक निम्मी होतात.

कागदांमध्ये एक सापळा आहे. 40 वर्षं ओलांडलेल्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला इथे एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) लागत नाही, आणि हिस्टॉरिक वर्गात नोंद केली की रोड टॅक्सही नाही. ऐकायला छान. पण याचा अर्थ समोरची गाडी कित्येक वर्षं कुणीही खालून पाहिलेली नाही, असाही असतो. विकणाऱ्याला सांगा, फी मी भरतो, नवी एमओटी करून घेऊया. जुना एमओटी इतिहास 2005 पासूनचा सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून दिसतो. त्यात दरवर्षी "सिलजवळ गंज" अशी सूचना आणि मग अचानक दहा वर्षं शांतता दिसली, तर वरचं जॅकचं प्रकरण पुन्हा वाचा.

पेट्रोल साधं ई10 (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) टाकू नका, 2021 पासून पंपावर तेच असतं आणि जुन्या रबरी नळ्या त्याने कुजतात. सुपर ई5 (पाच टक्क्यांपर्यंतचं) घ्या. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, म्हणजे अपघातात कंपनी बाजारभावावर वाद घालत बसणार नाही. त्यासाठी फोटो लागतात, ते घेतल्याच्या आठवड्यात काढा, खालच्या बाजूचेही. गाडी विकून नफा झालाच तर इथे खासगी मोटारीवर कॅपिटल गेन्स टॅक्स लागत नाही. मात्र गॅरेजचं भाडं, विमा आणि सुटे भाग यांचा हिशोब मांडल्यावर एमजीबीवर नफा उरलेला मी तरी पाहिलेला नाही. सीपी टीआर6 वर कधीमधी उरतो. रबर बंपरवाली चांगली एमजीबी जीटी घेऊन वर्षभर चालवून जवळजवळ त्याच भावाला विकणारे मात्र मला बरेच माहीत आहेत, आणि पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याला मी सध्या तीच सुचवतो.